साखळीचा पुढचा दांडा

१ ऑक्टोबर, मंगळवार
सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गावच्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल मॅचला मैदानाकडेची, दहा यार्ड मोजायची, दोन टोकांना दांडे असलेली साखळी त्यांनी एकतीस वर्षं धरली. या शुक्रवारी पुढचा दांडा मी धरणार! लग्नाला बारा वर्षं झाली. ऑर्विल स्टकींनी जावयावर आजवर फक्त बटाटे सोलायचं काम सोपवलं होतं. मार्लिस म्हणाली, फर्स्ट डाउन म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का? बायकोच ती. हसून सोडून दिलं.

२ ऑक्टोबर
नियमांचं पुस्तक आणलं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात की फर्स्ट डाउन, पुन्हा नवे चार प्रयत्न. झालं! एवढ्यासाठी एकशेदहा पानं? दोन वाचली.

३ ऑक्टोबर
सासऱ्यांनी बोलावून बजावलं. ओरडायचं नाही. पंचाने खूण केल्याशिवाय दांडा हलवायचा नाही. साखळीला चिमटा लावायचा, म्हणजे दांडा हलला तरी जागा सापडते. पण दांडा हलेलच कशाला? म्हातारपणी माणसं फार काळजी करतात.

४ ऑक्टोबर, दुपारी ४
केशरी जाकीट घातलं. शोभतंय.

५ ऑक्टोबर
शेवटचं दीड मिनिट. चार गुणांनी मागे. चौथा प्रयत्न. आपला कोल्टन मुसंडी मारून थेट दांड्यापुढे पडला. फर्स्ट डाउन! ओरडलो. दांडा उचलून पळालोही. मागचा दांडा धरणारा डेल्मर साखळीबरोबर फरफटत आला.
शिट्टी. पंच म्हणाला, माणूस कुठे पडला ते नाही, चेंडू कुठवर गेला ते बघायचं. साखळी आणा, मोजू. चिमटा कुठाय?
खिशात.
पंचाने अंदाजाने दांडे रोवले. चेंडू चार बोटं कमी. हरलो.

६ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. जेवताना सासरे एवढंच बोलले, "मीठ दे." तेही मार्लिसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ ऑक्टोबर
चूक पंचाचीच. तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. आधाराला पुस्तकाचं तिसरं पान उघडलं. त्यात चिमटाच आहे. पत्र फाडलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
पुढचा दांडा मार्लिसकडे. तिला कुणी काही समजावलं नाही. गरजच नव्हती. मी स्टँडमध्ये सासऱ्यांशेजारी मान खाली घालून बसलो. वर बघायची सोय नव्हती, सगळं गाव माझ्याकडेच बघतंय.
बऱ्याच वेळाने सासरे म्हणाले, "काय जावईबापू, कितवा प्रयत्न चाललाय?"
आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले! मान वर न करता ठणकावून सांगितलं, तिसरा. अजून चार यार्ड हवेत.
त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने पूर्वी कधीच नाही.
"मध्यंतर आहे रे बाळा," म्हणाले. "मैदानात बँड आहे."