तपासणीच्या दिवशीची सुट्टी

गुरुजी, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही जुना होत नाही. मीही आता शिकवते, जळगावात, पिंप्राळ्याच्या एका शाळेत. परवा आमचं प्रशिक्षण झालं. एका तरुण बाईंनी पडद्यावर दाखवलं, की प्रत्येक मूल आपल्या वाटेनं शिकतं. कुणी ऐकून, कुणी पाहून, कुणी वस्तू हातात धरून. मग मोबाइलवर लिंका आल्या, व्हिडिओ आले, खेळ आले. शेजारच्या बाई म्हणाल्या, आपल्या लहानपणी हे कुठं होतं? होतं की, गुरुजी. तुमच्या कपाटात होतं, कुलूप लावून.

धुळ्याकडच्या आपल्या गावात सरकारकडून ती साहित्याची पेटी आली तेव्हा मी तिसरीत होते. अक्का माझ्याहून मोठी, पण नापास झाल्यामुळे माझ्याच वर्गात. पेटीत ठोकळे होते, भिंग होतं, अपूर्णांकांच्या लाकडी चकत्या होत्या. काही मोडलं तर बदलीच्या वेळी चार्ज देताना पंचाईत, म्हणून तुम्ही ती आल्या दिवशीच आत ठेवलीत आणि आम्ही पाढे घोकत राहिलो. मला ते पोपटासारखे यायचे. अक्काला यायचे नाहीत, वाचतानाही ती अडायची, आणि ती अडली की तुम्ही सगळ्या वर्गादेखत म्हणायचात, पालथ्या घड्यावर पाणी. घरी येऊन ती ते आईला हसत सांगायची. मला तेव्हाही हसू यायचं नाही.

साहेब तपासणीला येणार म्हणून आदल्या दिवशी पेटी उघडली. आम्ही स्वागतगीत बसवतोय आणि अक्का कोपऱ्यात चकत्यांवरची धूळ पुसतेय. पुसता पुसता ती त्या एकमेकींवर ठेवून बघते. मग वर्गात कधी तोंड न उघडणारी माझी बहीण म्हणते, "गुरुजी, दोन पाव आनि एक आर्धं, हाई बठ्ठं सारखंच शे." तुम्ही गाणं थांबवलंत आणि तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसलात. हे मला नाकारता येत नाही. दीडमध्ये पाव किती, असं विचारलंत. तिनं उत्तर दिलं नाही, मांडून दाखवलं. तुम्ही तिला एकापुढे एक विचारत गेलात, ती मांडत गेली. मला पावकी-निमकी पाठ होती, पण पाव म्हणजे काय ते मी त्या दुपारी तिच्या हातांकडे बघून शिकले.

शाळा सुटली तशी तुम्ही तिला दाराशी थांबवलंत. "आई आजारी आहे ना तुझी? उद्या घरीच थांब, तिला मदत कर." किती मायेनं बोललात. मी मागेच उभी होते. मग एकाला म्हणालात, तुमची शेळी व्यायला झालीय, घरी कुणीतरी हवं. दुसऱ्याला म्हणालात, कापसाच्या गाडीबरोबर वडलांना सोबत लागेल. वाचताना अडणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या घरचं कारण. साहेब नेमके त्यांनाच वाचायला लावतील, ही तुमची धास्ती. प्रत्येक मुलाला ओळखा, असं त्या प्रशिक्षणातल्या बाई सांगत होत्या. तुमच्याइतकं आम्हाला कोण ओळखत होतं?

दुसऱ्या दिवशी चकत्या मी मांडल्या. साहेबांनी शाबासकी दिली, पेटी परत कपाटात गेली. अक्का आईच्या जागी कापूस वेचायला गेली होती. पुढच्या दिवशीही आई उठली नाही. वेचणीला अक्काचा हात चालतो हे वडलांच्या लक्षात आलं, आणि हिचं शाळेत तसंही काय होतंय, असं ते म्हणाले. ती परत आलीच नाही. तुमची सायकल रोज आमच्या दारावरून जायची. एकदा उतरून तुम्ही त्या दुपारी काय पाहिलंत तेवढं वडलांना सांगितलं असतं, तरी पुरे होतं. तुमचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नव्हतं.

आज मी अक्काकडे आलेय. प्रशिक्षणाचं सांगितलं तर तिला तुमचीच आठवण झाली. नातवंडांना ती नेहमी सांगते तेच मलाही म्हणाली, "गुरुजी भला माणूस व्हता. मायनं दुखनं त्यासलेच समजनं." आईचं आजारपण ओळखून न मागता सुट्टी देणारे गुरुजी! खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या शाळेतली तेवढी एकच गोष्ट तिनं जपून ठेवलीय, ती माझ्यानं मोडवली नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही. ते मी अक्काच्या ओट्यावर, तिच्यासमोर बसून लिहितेय. ती शेंगा सोलतेय. मघाशी तिनं विचारलं, काय लिहितेस, तर मी शाळेचं काम म्हणाले. कागद झाकायचं मात्र मला सुचलंसुद्धा नाही, कारण तिला वाचता येत नाही.