उतारावर उभ्या असलेल्या गाडीचे काय करावे याबाबत

मी, हेमंत धाऊ मेंगाळ, वय वर्षे २८, शिक्षण आठवी पास, नोकरी टोकावडे येथील भातगिरणीत, राहणार करवंदवाडी, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. दुपारचे जेवण झालेले आहे, अंगात ताप नाही, मला कोणी धाक दाखवलेला नाही किंवा गोड बोलून लिहायला बसवलेले नाही. उलट घरातील सर्वजण लिहू नको म्हणत आहेत.

लिहिण्याचे कारण, येत्या गुरुवारी शहापूरला माझे हर्नियाचे ऑपरेशन ठरले आहे. डॉक्टर म्हणाले, साधे आहे, दुसऱ्या दिवशी घरी. परंतु सहीसाठी दिलेला कागद मी दोनदा वाचला. भूल दिल्यावर काय काय होऊ शकते ते सर्व त्यात छापलेले आहे. शेजारचे धोंडी काका या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत. ते हसले. म्हणाले, "हर्नियाला कोन मरतंय रे? माजा दोनदा झालाय." मी विचारले, "काका, दोनदा का झाला?" तेव्हा ते भाताच्या कापणीचे बोलू लागले. म्हणून मी लिहायला घेतले.

माझी मालमत्ता थोडी आहे. मुख्य प्रश्न गाडीचा आहे; ती वडिलांनंतर माझ्या नावावर झाली. आमच्या पांढऱ्या डिझेल गाडीला १७ नोव्हेंबरला पंधरा वर्षे पूर्ण होतात. ती पुढे ठेवायची तर पुन्हा तपासणी आणि नवीन पासिंग, नाहीतर मोडीत. मी गेलो तर हा प्रश्न माझी पत्नी समीक्षा हिच्या गळ्यात पडेल, आणि तिने काहीही ठरवले तरी वाडीत कोणीतरी तिला बोलेल. तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा कागद आहे.

कलम १. राहते घर आई मैना धाऊ मेंगाळ हिच्या नावावर आहे. ते कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. फक्त नोंद करतो की मागच्या पडवीचा तिसरा पत्रा सैल आहे. त्याखाली काजलला झोपवू नये.

कलम २. पोस्टातले खाते माझी मुलगी काजल, वय तीन वर्षे, हिचे. ती मोठी होईपर्यंत समीक्षाने सांभाळावे. गाडीची निळी वहीसुद्धा काजललाच द्यावी. ऑइल कधी बदलले, बेल्ट कधी टाकला, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कधी दुरुस्त केले, सर्व तारखांसह त्यात आहे. तिच्या जन्माच्या दिवशी मी त्यात लिहिले आहे : "डिझेल फिल्टर नवीन. मुलगी झाली. दोघी बऱ्या." त्या दिवशी फिल्टर आधी का लिहिला, असे समीक्षाने विचारले होते. फिल्टर सकाळी टाकला होता, मुलगी दुपारी झाली. दुसरे काही कारण नव्हते.

कलम ३. पाने, जॅक, हवेचा पंप आणि टेस्टिंगचा दिवा टोकावड्याचा मेकॅनिक नामा यास द्यावा. चौदा नंबरचा पाना मुळात त्याचाच आहे. त्याला वाटते तो हरवला.

कलम ४. हे कलम आईच्या परवानगीने लिहीत आहे. सरळगावच्या अलीकडील रस्त्यावर एक डिझेल पंप आहे. त्या पंपवाल्याची आमच्या घराने माफी मागायची आहे.

झाले असे. माझे वडील भातसानगरला धरणाच्या वसाहतीत माळी होते. तिथले एक साहेब निवृत्त होऊन गेले, त्यांची गाडी वडिलांनी घेतली. वडिलांना गाडी चालवता येत नव्हती. चालवायला मी शिकलो, ते शेजारी टोपी हातात धरून बसत. पहिल्या दसऱ्याला आईने गाडी ओवाळली, नारळ फोडला, सगळ्यांना पाणी दिले आणि उरलेले गाडीला पाजले. गाडीचे तोंड कोणते, तर जिथून तिला खायला घालतात ते. म्हणजे डिझेलची टाकी. दुसऱ्या दिवशी त्या पंपावर डिझेल भरले आणि सरळगावच्या पुढे गाडी धक्के देत बंद पडली. नामाने फिल्टरचा खालचा स्क्रू सोडला तर पाणी. वडील तसेच पंपावर गेले आणि चार माणसांत त्या पंपवाल्याला भेसळखोर म्हणाले. पुढे मरेपर्यंत त्यांनी तिथे डिझेल भरले नाही, मुरबाडपर्यंत गेले. वडिलांचे दिवस झाल्यावर आई मला म्हणाली, "मी घोटभरच पाजलं होतं रे. तिलापन सन हाय ना." मला तिच्यावर रागावता आले नाही. फक्त टाकीला कुलपाचे झाकण बसवले. काल हे लिहू का म्हणून विचारले, तर म्हणाली, "लिव. पन तू जाऊन सांग, कागद कशाला पाठवतो?" तेव्हा मी परत आलो तर मीच जाईन. न आल्यास समीक्षाने जावे, आणि पंपवाला हसला तर हसू द्यावे.

कलम ५. धोंडी काकांबाबत. गाडीची बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही थकले आहेत, म्हणून गाडी उतारावर लावून, घरंगळत सोडून सुरू करावी लागते. शाळेजवळचा तो उतार सातबाऱ्यावर काकांचा आहे. काका दर वर्षी नेमकी तिथेच पेंढ्याची गंजी रचत. विचारले तर म्हणत, "गाडी इकत घेतलीत, आता उतारपन इकत घ्या." तीन वर्षे आम्ही एकमेकांच्या ओट्यावर चढलो नाही.

गेल्या फाल्गुनात काशी काकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, सकाळी श्वास लागला. उतारावर गंजी, गाडी सपाटीला. मी, समीक्षा आणि स्वतः काका, तिघांनी मिळून ढकलली. अर्धा तास गेला. चौथ्या वेळी गाडी सुरू झाली. काकू वाचल्या, पण डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी काकांनी एकट्याने सगळी गंजी हलवली.

माझ्या पोटाजवळची गाठ त्या सकाळची आहे. हे मी त्यांना सांगितले नव्हते. साक्षीदाराला सर्व वाचून दाखवावे असे मला वाटते, म्हणून आज वाचले. काका बराच वेळ माझ्या पोटाकडेच बघत होते.

"तवा का नाय सांगितलंस?"

"सांगून तुमी काय केलं असतं?"

"मी एकट्यानं ढकलली असती."

तर आमचे भांडण या कलमाने संपले असे समजावे.

कलम ६. गाडी. हे कलम मी दोन वेळा लिहिले. पहिल्यांदा असे लिहिले होते : "गाडी विकू नये, मोडीत देऊ नये. पुन्हा पासिंग करून वाडीच्या अडीअडचणीसाठी चालू ठेवावी." कारण असे, की वडिलांची धाकटी बहीण गोदू आत्या बाळंतपणात झोळीतून रस्त्यापर्यंत नेताना वाटेतच गेली. झोळीच्या बांबूला पुढचा खांदा वडिलांचा होता. त्यांनी गाडी घेतली ती त्यासाठी. ती माझ्या हातून मोडीत जावी हे मला सहन होत नाही. मला रात्री झोप येत नसली की मी तिच्या दुरुस्तीचा विचार करतो.

हे समीक्षाला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आनि चालवनार कोन?"

"नामा शिकवेल तुला."

"माजा पाय क्लचला पोचतो का, बघितलंय कधी?"

मी बघितले नव्हते.

मग तिने सूप बाजूला ठेवले. म्हणाली, "एक सांगू? राग नका धरू. काशी काकूंच्या टायमाला मी ॲम्ब्युलन्सला फोन करते म्हनले, तर सगळे म्हनाले, हेमंतची गाडी हाय ना. अर्धा तास आपन ढकलत होतो. रस्ता डांबरी झालाय, गेल्या साली आपली गाडी नामाकडे होती तवा ॲम्ब्युलन्स दोनदा शाळेपर्यंत आली. आपली गाडी उभी दिसते म्हनून कोनी फोनच करत नाय. ती नसती तर त्या दिवशी मी पहिल्या मिनिटाला फोन केला असता."

मी नवीन बॅटरी टाकतो म्हटले. ती म्हणाली, "मागच्या साली पन टाकली होती." हे खरे आहे, वहीत नोंद आहे.

मी आईकडे पाहिले. मला वाटले, आई ओरडेल. आई चुलीपुढे होती. म्हणाली, "सून बरोबर बोलते. तुज्या बापाने गाडी घेतली ती मानसं पोचावी म्हनून रे. गाडी र्‍हावी म्हनून नाय."

म्हणून पहिले कलम रद्द करून आता असे लिहितो. गाडी समीक्षाची. ठेवावी की मोडीत द्यावी हे तिने एकटीने ठरवावे. तिने जे ठरवले ते मीच ठरवले असे सर्वांनी समजावे. वाडीतील कोणी तिला 'नवऱ्याची आठवण मोडीत काढली' असे म्हणू नये. ज्याला म्हणायचे असेल त्याने आधी ती गाडी सपाटीवरून ढकलून दाखवावी. ॲम्ब्युलन्सचा नंबर वाडीतल्या प्रत्येक घरात दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहावा. शाळेच्या ओट्यावर फोनला रेंज मिळते, हे लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

इथे मी सही करणार होतो. दुसऱ्या साक्षीदार अंगणवाडीच्या वर्षाताई पेन उघडून बसल्या होत्या. पण धोंडी काकांनी कागदावर हात ठेवला.

"ह्ये तू मेल्यावर ना?"

"हो काका, मृत्युपत्र आहे."

"आनि जगलास तर?"

मी कागद त्यांच्या हाताखालून ओढायला गेलो.

"जगलास तर सतराला परत पासिंगला नेशील. बॅटरी टाकशील. माज्या उतारावर लावशील. मेल्यावर गाडी सोडायला तुला काय लागतंय लेका? तवा तू थोडाच खिडकीत बसून बघनार हायेस!"

वर्षाताई हसल्या. समीक्षा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला कळले की मी मेलो तर गाडीचे काय, याची तिला काळजी नव्हती. मी जगलो तर काय, याची होती.

कलम ७. मृत्युपत्रात असे कलम बसत नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितो. हे एक कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. ते आजपासून लागू आहे. १७ नोव्हेंबरनंतर गाडीचे पासिंग करायचे नाही. समीक्षा म्हणते मोडीत, तर मोडीत. गुरुवारी मला शहापूरला नामा घेऊन जाईल, त्याच्या गाडीने.

आमच्या गाडीची चावी आज दोन्ही साक्षीदारांसमोर समीक्षाच्या हातात दिली. त्यानंतर गाडीवर कापड घालायचे आहे म्हणून मी ती एकदा मागितली, आणि टायरची हवा बघायची आहे म्हणून दुसऱ्यांदा. तिने दिली नाही. तिने बरोबर केले, असे मी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने लिहितो.

लिहून देणार : हेमंत धाऊ मेंगाळ (सही)

साक्षीदार :
१. धोंडी लडकू शिद, करवंदवाडी (डाव्या हाताचा अंगठा)
२. वर्षा अक्षय पारधी, अंगणवाडी सेविका, करवंदवाडी (सही)

ठिकाण : करवंदवाडी, पो. टोकावडे, ता. मुरबाड
दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५, सोमवार, दुपारचे सव्वातीन