समुद्राचा चौदा रकानी तक्ता

३ एप्रिल, रात्री ९
ठरलं! यंदा समुद्र. लग्न ठरलं तेव्हा बायकोला शब्द दिला होता, वर्षभरात समुद्र दाखवीन. त्याला अठरा वर्षं झाली. असल्या गोष्टी घाईने करू नयेत. ही म्हणते, कुठलाही चालेल, ओला असला म्हणजे झालं. प्लॅनिंग म्हणून काही नाहीच! संध्याकाळी बॅग घेऊनसुद्धा आली.

५ एप्रिल
तक्ता तयार. अकरा गावं, चौदा रकाने. वारा, वाळू, खेकडे, डास, गादीची जाडी वगैरे. तारखेची चिंता नाही, ऑफिसात सगळ्यांच्या रजा मीच मंजूर करतो. सेक्शनमधून एका वेळी एकालाच रजा, हा नियमही माझाच. ३१ मेला उरलेली रजा बाद होते. पण आठ आठवडे म्हणजे चिक्कार.

१२ एप्रिल
सहा लॉजवाल्यांना फोन. लाटांची सरासरी उंची विचारली. एकाने फोन आपटला. दुसरा म्हणाला, राहायला येताय की लाटा विकत घ्यायला? त्याला उणे पाच गुण.

१९ एप्रिल, रविवार
प्रयोग. टबात पाणी, त्यात दोन किलो मीठ. खारं पाणी प्रकृतीला मानवतं का, हे आधी कळायला नको? मला पाच मिनिटांत शिंका. मुलगी हसून लोळली. ही मात्र पाय बुडवून, डोळे मिटून दीड तास बसली. उठेचना. मला कसंतरीच झालं. मग तक्त्यात लिहिलं : पाय – अनुकूल.

२७ एप्रिल
टायपिस्टबाईंना मेचा पहिला आठवडा हवा. कुठे जायचं ते ठरलेलं नाही! दया येऊन तक्ता दाखवला. त्यांनी दोन मिनिटांत चौथ्या नंबरच्या गावावर बोट ठेवलं. काय ही बेफिकिरी! रजा मंजूर.

४ मे
कॅशियर, हेडक्लार्क आणि आणखी दोघे तक्ता बघून गेले. सगळ्यांच्या रजा मंजूर. ऑफिसात तक्त्याला केवढा मान! घरी ही विचारते, आपलं कधी? पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

१० मे, रविवार
रंगीत तालीम. सगळं सामान घेऊन आम्ही तिघे तीन मजले उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. जाताना साडेसात मिनिटं. शेजारच्या काकूंनी विचारलं, एवढ्यात आलात? ही काही बोलली नाही. बोलत नाही तेव्हा ती खूश असते, असा माझा अनुभव आहे.

१६ मे
अंतिम निर्णय! चौथ्या नंबरचं गाव. (टायपिस्टबाईंचा नुसता तुक्का.) ऑफिसात रजेचा चार्ट उघडला. ३१ मेपर्यंत एक दिवस रिकामा नाही. प्रत्येक नावापुढे माझीच सही. सही छान आली आहे.

१८ मे
साहेबांकडे अपवाद मागितला. त्यांनी नियमाचा कागदच पुढे सरकवला. ‘अपवाद नाही’ खाली दोन रेघा, मीच मारलेल्या. म्हणाले, तुमच्यासारखी शिस्त सगळ्यांना असती तर! बरं वाटलं. घरी सांगितलं. ही काही बोलली नाही. पण या खेपेला खूश नसावी. तालमीची बॅग अजून भरलेलीच आहे.

२१ मे, सकाळी
ही आणि मुलगी निघाल्या, मेहुणीबरोबर. चौथ्या नंबरच्याच गावाला. मला विचारलं नाही, सांगितलं. सामानासकट साडेसहा मिनिटांत कोपऱ्यावर! तालमीमुळे एक मिनिट वाचलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२२ मे, संध्याकाळी ७
हिचा फोन. तक्त्याची नक्कल घेऊनच बसलो होतो. वाळू जाड की बारीक? बघितली नाही. खेकडे? मोजले नाहीत. गादी? आठवत नाही. मग दिवसभर केलं काय? म्हणाली, बसले होते. नंतर नाक ओढल्याचा आवाज. रडत असावी. मग म्हणाली, अहो, केवढा आहे हो! तुम्ही यायला हवं होतंत.
असा रकाना तक्त्यात नाही.
फोन ठेवल्यावर टबात पाणी काढलं. डब्यात मीठ चमचाभरच निघालं, नवं आणायचं राहिलेलं. तेवढं घातलं. पाय सोडून बसलोय. शिंक काही येत नाही.