बिल्ला बघून

बाबा, आज सकाळी बर्फ काढायला फावडं हातात घेतलं आणि तुमचा मोडलेला जबडा आठवला. नव्वदच्या दशकातली, इथे अमेरिकेत, शाळेच्या जिममधली ती सभा. स्कूल बोर्डाच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापायचा की नाही, यावरून अख्खं गाव एकमेकांच्या उरावर बसलं होतं, आणि तुम्ही स्वतः उमेदवार. आपल्या पक्षाचा सेक्रेटरी, आपल्याच टेबलावर पोहे चापणारा, सांगत होता की लेबल लागलं की सीट पक्की, नाहीतर तुमचं नाव इथे वाचता कुणाला येतंय? मराठी मंडळातले काकाही म्हणाले, "घ्या ना यार लेबल, फुकटची मतं आहेत." तुम्ही सरळ माइकवर जाऊन विरोधात बोललात. "तिकडे भारतात माझ्या गावात आधी आडनाव विचारायचे आणि मग पाणी वरून ओतायचे. मुलांच्या शाळेत तरी आधी माणूस बघा." लेबलचा ठराव पडला. सेक्रेटरी खुर्ची लाथाडून बाहेर गेला.

मी पार्किंगमध्ये पोचते तेव्हा तुम्ही बर्फात आडवे, तोंडातून रक्त, आणि अंगावर दोन माणसं, पाठमोरी. एक मान वळवतो. त्याच्या कोटावर दुसऱ्या पक्षाचा बिल्ला. मी डिकीतून फावडं काढते आणि त्याच्या डोक्यात घालते. मग आणखी एकदा. कान फाटून लोंबतो, तो गुडघ्यांवर येतो. आता मोकळा झालेला दुसरा तुमच्या तोंडावर बूट हाणतो, "ट्रेटर" म्हणून थुंकतो. तो आपला सेक्रेटरी. बिल्लेवाला त्याला तुमच्या अंगावरून ओढून काढत होता.

जबड्याला तारा बांधलेल्या. आई पेज गाळून द्यायची, तुम्ही किचनमध्ये बसून स्ट्रॉने ओढायचात. मी रडत म्हणाले, "आय थॉट ही वॉज वन ऑफ देम." तुम्ही दात न उघडता म्हणालात, "माझ्या गावातले लोकही असंच थॉट करायचे." एवढं कधी लागलं नव्हतं मला काही. मग मला त्या बिल्लेवाल्याच्या घरी घेऊन गेलात. त्याने पोलिसांत माझं नाव घेतलं नव्हतं. तुम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघून हसलात, आणि दोघांनाही हसताना दुखत होतं. परतताना गाडीत तुम्ही विचारलंत, "घाबरली होतीस ना, पोरी?" मी हो म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायचं कुठे, आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. मी घाबरले नव्हते, बाबा. दुसरा फटका मी त्याने हात वर केल्यावर मारला. बिल्ला समोर दिसत होता, त्यामुळे सोपं गेलं. मला बरं वाटलं होतं.