ब्रिज मी तोडला, दासन

प्रिय दासन,

आधी भांडून घेते, मग बाकीचं. मेलला उत्तर नाही, फोन बंद, निरोप ठेवला तर तोही हवेत. मिरीचे वेल बघायला गावी जातो म्हणून वेदनाशमन केंद्र सोडलंस, त्याला कुणी आडवं आलं नाही. पण जाताना आपला सर्व्हर माझ्या गळ्यात बांधून गेलास, तर निदान ‘सुहरा, मर तिकडे’ एवढं तरी कळवायचंस!

झालं असं, की ज्या कंपनीच्या क्लाउडवर आपण जागा भाड्याने घेतली आहे, तिने आपला सर्व्हर गुपचूप नव्या यंत्रांवर हलवला. सकाळी केंद्राचा फोन मुका. तू मांडून ठेवलेला संसारच असा: एका युनिक्स सर्व्हरच्या पोटात दोन छोटे सर्व्हर, एक फोन घेणारा, एक रुग्णांची माहिती सांभाळणारा, आणि दोघांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा ब्रिज. मोठा सर्व्हर ठणठणीत, पोटातले दोघे मात्र जगाला दिसेनात. घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसं नंबर फिरवत होती आणि इथे साधी घंटी वाजत नव्हती. बेपूरच्या एका आजोबांचं मॉर्फिन संपलं, ते आम्हाला कळलं त्यांची सून रिक्षा करून दारात आली तेव्हा. रडत नव्हती, शिव्या देत होती. सिस्टर लिसम्माने सगळ्या ऐकून घेतल्या आणि औषध घेऊन तिच्याच रिक्षात बसून गेली. मी कीबोर्डसमोर, मान खाली घालून.

मला वाटलं, सर्व्हरचा पत्ता नेटवर्क कार्डावर राहिलाय, तो ब्रिजवर हवा. तो तिकडे हलवताना माझं काहीतरी चुकलं, आणि मीच बाहेर! ज्या वाटेने आत शिरले होते तीच कापून बसले. मग कंपनीच्या वेबसाइटवरच्या त्या इवल्याशा काळ्या खिडकीतून, जिथे एक टाईप केलं की दुसरंच उमटतं, सगळं पूर्ववत केलं. कंपनीला लिहिलं तर तिथला गोडबोल्या म्हणतो, ‘मॅडम, आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे, रीस्टार्ट करून बघा.’ केला. ‘आणखी एकदा बघा.’ केंद्राची जीप चालवणारे मोइदीनिक्का शेजारी सुलेमानी चहा ढवळत बसलेले. म्हणाले, ‘अगं, माझी म्हातारी जीपसुद्धा मी दोनदाच ढकलतो, मग मेकॅनिक बोलावतो. तो दासन कुठे उलथलाय?’ मला काय ठाऊक, म्हटलं.

शेवटी नेटवर्क कार्डावरून जाणारं-येणारं माहितीचं एकेक पाकीट बघत बसले. छोट्या सर्व्हरांची हाक बाहेर जात होती, उत्तर काही येत नव्हतं. मोठ्याला मात्र लगेच येई. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. कंपनीच्या नव्या यंत्रांना फक्त मोठ्याला तिनेच दिलेला एक हार्डवेअर-पत्ता ओळखीचा. छोट्यांचे पत्ते आपण घरी बनवलेले, म्हणून त्यांची पाकिटं दारातच फेकली जात होती. जुन्या यंत्रांवर कुणी तपासत नव्हतं, म्हणून तुझं चाललं. ब्रिज तुझा बिनचूक होता. हे मी रागात असताना लिहितेय, तेव्हा खरं मान. मग मी बाहेरचं कार्ड ब्रिजमधून काढूनच टाकलं. दोघे छोटे आता आतल्या आत जोडलेले, बाहेर त्यांच्या वतीने मोठाच बोलतो. फोन वाजला! तर माझा आवाज पलीकडे जाई, पलीकडचा मला येईना. आवाजाचा रस्ता वेगळा उघडावा लागतो, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. तोही उघडला.

त्यानंतरचा पहिला धड फोन काल दुपारी मीच उचलला. कुट्टियाडीहून एक बाई. आवाज इतका हळू, की मला वाटलं अजून काहीतरी बिघडलंय. ‘माझ्या मुलाला फार दुखतं हो. कॅन्सर कंबरेच्या हाडात गेलाय म्हणतात. उशी चावत पडून असतो. घरी येऊन औषध देणारं कुणी पाठवाल का?’ मी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नाव सांगितलं तर तो चिडेल. तिथले सगळे त्याच्या ओळखीचे. तो म्हणतो, त्यांना मला असं बघवणार नाही. पोरी, तू नवीन आहेस ना?’ तुझ्या घरी ओणमला जेवलेय मी, दासन. तुझ्या आईचा आवाज मला कळणार नाही? ‘हो अम्मा, नवीनच आहे,’ म्हटलं, आणि त्या पत्ता सांगत राहिल्या तसा लिहून घेतल्याचं सोंग केलं.

आईवर चिडू नकोस. त्यांनी नाव घेतलेलं नाही. पण कुणाला काय बघवेल, हे तू एकट्याने कसं ठरवलंस रे? तुझ्या मेलची वाट बघत मी रोज तुला लाखोली वाहत होते, आणि तू इथे पडून होतास. हे पत्र लिसम्मा तुझ्या हातात देईल. डॉक्टरांशी बोलून औषध आणलंय तिने, पहिला डोस आत्ताच घे. हे मी तुमच्या कुंपणाबाहेर गाडीत बसून, मांडीवर कागद धरून लिहितेय. दुखणं उतरलं की हाक मार, मी आत येते. नकोच असेन तर तसं लिसम्माला सांग; मी आजच्या दिवस परत जाईन. आजच्याच दिवस.

वैतागलेली, आणि तरीही तुझीच,
सुहरा