एकटीला पुरेल असा जॅक

अब्बा, जॅक कुठला घ्यावा हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, हे मी विसरलेली नाही. पण ज्या जिवंत माणसाला विचारायला हवं होतं, त्याच्याशी माझं तीन वर्षं बोलणं नव्हतं. तो तुमचा मुलगा, माझा धाकटा भाऊ. कराडला हायवेच्या कडेला तुमचंच टायरचं दुकान चालवतो, तुमच्याच लोखंडी स्टुलावर बसतो, आणि जॅकमधलं त्याला कळतं तेवढं आपल्या भागात क्वचितच कुणाला कळत असेल. एक फोन केला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुमच्या लेकीकडं बघूनच म्हणत असावेत.

भांडण कशावरून झालं ते आधी सांगून टाकते, कारण चूक माझी आहे आणि तुम्ही ती मला विचारल्याशिवाय राहिला नसतात. तुमचे जावई गेले, तेव्हा धाकट्याची बायको आठ दिवस सांगलीला येऊन राहिली. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं सगळं तिनं केलं, मला गॅसपाशी फिरकू दिलं नाही. चाळिसाव्याला पुन्हा दोघं आले. जेवणं झाल्यावर धाकटा म्हणाला, आपा, एकटी कशाला ऱ्हातीस, चल आमच्याकडं. साधं बोलणं, मायेचं. आणि मी म्हणाले, "तुझ्या बायकोच्या घरात पाणी मागून प्यायला येऊ?" ती दारातच उभी होती, घासलेली परात हातात घेऊन. तिनं परात खाली ठेवली, हात पुसले आणि पिशवी भरायला लागली. मला तेव्हाच उठून तिचा हात धरायचा होता, पण मी भिंतीकडं बघत बसले. पुढच्या ईदला धाकट्याचा फोन आला, तो मी वाजू दिला. त्यानंतर त्यानंही केला नाही.

तर जॅक. तो कशाला हवा, ते ऐकून तुम्ही हसाल. जावयांनी निवृत्त झाल्यावर कवठे महांकाळला एका ट्रॉली बनवणाऱ्याकडून चाकावरचं घर करून घेतलं होतं. जीपला मागं जोडायचं, आत दोन माणसांची झोपायची सोय, एक शेगडी, एक खिडकी. ते त्याला ट्रेलर म्हणायचे आणि गल्लीतली सगळी माणसं डबा म्हणायची. आम्ही दोघं त्यातून एकदाच गेलो, तेही जवळच, औंधपर्यंत. मग ते गेले आणि डबा अंगणात ताडपत्री पांघरून उभा राहिला. यंदा थंडीत माझ्या मनानं घेतलं की म्हसवडला जायचं. आमची दोघांची पहिली नोकरी तिथल्या शाळेत, पहिला संसार तिथला. पस्तीस वर्षं शिकवलं, गाडी चालवता येते, डोळे ठीक आहेत. फक्त वाटेत ट्रेलरचं चाक बसलं तर काय, एवढाच प्रश्न. माझ्या पोरीनं पुण्याहून बजावलं होतं की चाक बदलता येत नसेल तर हा डबा विकून टाक आणि इकडं ये. मला तिच्याकडंही जायचं नव्हतं. मला कुणाकडंच जाऊन राहायचं नव्हतं, हे खरं, आणि घरात बसवतही नव्हतं.

सांगलीच्या बाजारात गेले. दुकानदारानं मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाटली जॅक पुढं केला. लालभडक, ठेंगणा, जड. म्हणाला, मॅडम, पाच टनी हाय, ट्रक उचलतोय. मीही भुलले. ट्रक उचलतो म्हटल्यावर डबा काय चीज आहे. घरी आणून ट्रेलरच्या लोखंडाखाली सरकवून बघितला तर झकास बसला, दोन बोटं जागा उरली. खूश झाले. रात्री जेवताना एकदम आठवलं की तुम्ही जॅक दाखवायला आलेल्या प्रत्येक माणसाला एकच सांगायचा, "चाकात हवा असताना माप घेऊ नगा. बसलेल्या चाकावर घ्या." सकाळी उठून ट्रेलरच्या चाकातली हवा सोडली. सुस्कारा टाकत तो खाली बसला आणि तो ट्रक उचलणारा पाच टनी गडी खाली शिरेचना. तुमच्या पोटची पोर, आणि गिऱ्हाइकासारखी फसले. अंगणात मातीत बसून मी मोठ्यानं हसले. हसायला कुणी सोबत नसलं की हसणं फार लवकर संपतं, अब्बा.

बाटली परत केली आणि कैची जॅक आणला, हँडल फिरवलं की कैचीसारखा उघडतो तो. मिटला की चार बोटं उंच. खाली घालायला बाभळीच्या फळीचा तुकडा, कारण म्हसवडच्या बाजूला रस्त्याची कड भुसभुशीत. दुसऱ्या चाकाला लावायला लाकडाच्या दोन पाचरी. हात पुरत नाही तिथं पान्याला चढवायला पायपाचा तुकडा. जीपचा पाना ट्रेलरच्या नटांना बसत नाही हे मला तेव्हा कळलं. ट्रॉलीवाल्यानं त्याच्याकडं होते ते नट लावलेले. मग माळ्यावरून तुम्ही लग्नात दिलेला चार तोंडांचा पाना काढला. सासरी सगळ्या बायका भांडीकुंडी बघत होत्या, आणि तुमच्या लेकीच्या रुखवतात हिरव्या फडक्यात गुंडाळलेला पाना. सासूबाई पुढं वर्षभर पाहुण्यांना ते सांगून हसवायच्या. मला तेव्हा तुमचा राग आला होता. चारातलं एक तोंड ट्रेलरला बरोबर बसलं. हवा मोजायचं यंत्र घेतलं, जाड हातमोजे घेतले. दुकानदारानं विचारलं की मदतीला कोण असतं बरोबर, आणि मी म्हणाले, एकटीला पुरेल असं सगळं द्या.

कारण दोघं असतील तर कमी सामान पुरतं. हे मी तुमच्याबरोबर शिकले. मी कॉलेजात होते, धाकटा अजून चौथीत. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर भरलेल्या ट्रॉल्या बसायच्या आणि बोलावणं आलं की तुम्ही मला लुनाच्या मागं घेऊन निघायचा. मांडीवर जॅक, तो मी पोटाशी धरलेला. तुमची एक रीत होती. तुम्ही आत हात घालायच्या आधी दुसऱ्या माणसानं ट्रॉलीच्या अंगाला तळवा टेकवून उभं राहायचं. ट्रॉली हलायच्या आधी थरथरते, ती डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळते, असं तुम्ही म्हणायचा. थरथरली की हाक द्यायची. एवढंच काम. त्या दिवशी मी उभी आहे, उन्हं कलायला आलीत, उसाचा वास सुटलाय, आणि समोरून माझ्या वर्गातल्या दोन मुली रिक्षातून येतात. माझ्या हाताला काळं ग्रीस, ओढणी कमरेला खोचलेली. मी हात काढते. मागं सरते. त्यांनी बघू नये म्हणून पाठ फिरवते. तेवढ्यात जॅक कलतो. तुम्ही काढलेलं चाक नेहमीसारखं खाली आडवं सारून ठेवलं होतं, त्यावर ट्रॉली बसली, म्हणून तुमचा हात वाचला. तुम्ही बाहेर आलात, हाताची माती झाडलीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"हात ठिवायचा न्हवता तर आदी सांगायचं," तुम्ही म्हणालात. "मी तुज्या हाताच्या भरवशावर आत गेलो हुतो."

पुढं महिनाभर तुम्ही मला बरोबर नेलं नाहीत. मी विचारलंही नाही. माफी मागायची माझी तेव्हापासूनच बोंब.

असो. परवा सकाळी निघाले. कवठे महांकाळ सोडलं, आटपाडी गेली, दिघंची गेली, आणि म्हसवड दहा-बारा किलोमीटर राहिलं असताना मागून फटफट आवाज यायला लागला. उतरून बघते तर डावं चाक पार बसलेलं, खिळा शिरलेला. अकरा वाजले होते. दोन्हीकडं माळ, लांबवर मेंढरं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. घाबरले नाही. जीप जोडलेलीच ठेवली, पहिल्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला. उजव्या चाकाला पाचरी लावल्या. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल केले. एक हलेना, त्याला पायपाचा तुकडा चढवून अंगाचा भार दिला. फळी, फळीवर जॅक. स्टेपनी काढून ट्रेलरखाली आडवी सारली. तळवा टेकवायला कुणी नव्हतं, म्हणून तिच्यावरच भरवसा. मग हँडल फिरवत राहिले. बसलेलं चाक उतरवलं, ते खाली सारून स्टेपनी चढवली, नट समोरासमोरचे आवळले. पाऊण तास लागला. मधेच एक मोटारसायकलवाला थांबला आणि म्हणाला, "मावशी, संगं कोण न्हाई व्हय?" मी न्हाई म्हणाले. काम होत आलंय, जा तू. तो गेला.

सगळं झाल्यावर ट्रेलरच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा ओतला. म्हटलं, आता तरी छाती फुगायला हवी. पोरीला फोटो पाठवावा, बघ म्हणावं, जमलं. पण मला भडभडून आलं. सगळं जमलं होतं, आणि तेच सोसेना. आता कुणाला बोलवायला काही कारणच उरलं नव्हतं. तशीच बसून मी धाकट्याचा नंबर लावला. तीन वर्षांनी. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणाले, ट्रेलरचं चाक बसलंय, दिघंचीच्या पुढं, मला जमंना. तो म्हणाला, "हात लावू नगंस. सावलीला बस. मी आलो." का, कशी, इतक्या दिवसांनी, काही नाही.

फोन ठेवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. कराडहून तो विटा-मायणी करत येणार, निदान दोन तास. येऊन बघणार काय? धडधाकट चाक. मग मी काय केलं सांगते, अब्बा, कुणाला सांगायची सोय नाही. मी परत पाचरी तपासल्या, फळी टाकली, जॅक लावला. चांगलं चाक काढलं आणि फुटकं परत बसवलं. नट आवळले. स्टेपनी जागेवर ठेवली, सामान पेटीत भरलं, हात धुतले आणि सावलीला जाऊन बसले. या खेपेला अर्धाच तास लागला. तुम्ही असता तर त्या अर्ध्या तासाचं कौतुक तरी केलं असतं.

तो आला. केस पांढरे झालेत, चालताना डावा गुडघा धरतो, तुमच्यासारखा. मला सलाम केला, पाणी प्याला आणि थेट चाकापाशी जाऊन उकिडवा बसला. मी त्याच्या मानेकडं बघत राहिले. पेटी उघडून त्यानं जॅक बघितला, फळी उलटीसुलटी केली, हिरव्या फडक्यातला पाना बघून थोडा थांबला. जॅक कुठनं घेतलास, विचारलं. सांगलीतनं, म्हणाले. बेस हाय, म्हणाला. मला इचारलं असतंस तर ह्योच सांगितला असता. मग पाना लावला. नट अडलाच नाही, बोटांनी फिरावा तसा सुटला. त्यानं मातीत बघितलं, तिथं फळीचे दोन ठसे होते, एकावर एक जरा सरकलेले. माझ्या धुतलेल्या हातांकडं बघितलं. नखांत ग्रीस होतंच. पंधरा मिनिटांत चाक बदललं, माझ्या हातचा चहा घेतला, आपल्या गुडघ्याचं सांगितलं, माझ्या बीपीचं विचारलं. निघताना गाडीत बसून काच खाली केली.

"आपा, पुढच्या बारीला चाक बदलून झाल्यावर फोन केलास तरी चालंल. मी येतोच."

मी नुसतं बरं म्हणाले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यातच उभी होते आणि लहान पोरीसारखी रडत होते. बरं वाटलं, अब्बा, लय बरं वाटलं.

आज दोन दिवस झाले. म्हसवडला नदीच्या अलीकडं ट्रेलर लावलाय आणि आतल्या फळीवर कागद ठेवून हे लिहितेय. जाताना धाकट्यानं त्याच्या बायकोचा नंबर लिहून दिला. मी मागितला नव्हता. परात हातात घेऊन दारात उभी होती ती, तो नव्हता. माफी मागायची ती तिची, हे मला कळत नाही असं नाही. सकाळी फोन हातात घेतला, खाली ठेवला, आणि वही काढून तुम्हाला पत्र लिहायला बसले. खरं सांगायचं तर एवढं सगळं लिहिलं ते तो फोन टाळण्यासाठीच. तुमच्याशी बोलणं सोपं आहे. तुम्हाला काही ऐकू जात नाही.