माझ्या नावावरची खोटी उधारी

ता. ९, गुरुवार

दादा,

नमस्कार मागाहून. चार पानं भरून शिव्या लिहिल्यास, त्यात पंधरा हजार भरलेस हे लिहायला एक ओळ मिळाली नाही का? आणि मला न विचारता भरलेसच कसे? मी कुणाचा एका पैशाचाही देणेकरी नाही. तुझं नेहमीचंच, आधी निस्तरायचं आणि मग भांडायचं.

आईला सांग, तब्येत ठणठणीत आहे.

आता नीट ऐक. आमचे शेठ बेकऱ्यांना मोठ्या भट्ट्या विकतात, बऱ्याचशा उधारीवर. मी त्या बसवतो. उधारी तुंबली की मलाच वसुलीला धाडायचे. "पण तू त्यांची भट्टी दुरुस्त करतोस, चहा पितोस आणि हात हलवत परत येतोस," म्हणाले. म्हणून वसुलीची एजन्सी नेमायचं ठरलं. दोन आल्या होत्या. त्यातली कुठली घ्यायची, हे बघायचं काम कुणाला दिलं? मला! सातवीत दोनदा बसलेल्या तुझ्या भावाला! "गिऱ्हाइकं तू ओळखतोस, तूच बघ," म्हणाले. दोन वर्षांत तिसरी नोकरी म्हणून हिणवतोस ना? ही तिसरी अशी आहे.

मी म्हटलं, आपल्याशी तर दोघेही गोडच बोलणार. देणेकऱ्याशी कसे बोलतात ते कळायचं तर देणेकरीच व्हायला हवं. शेठना सांगून दोघांच्याही यादीत माझंच नाव घातलं, भट्टीचे साठ हजार थकवले म्हणून. नातेवाइकाचा नंबर मागितला होता, रकाना मोकळा चालत नव्हता. तुझा लिहिला. घरी फोन जाईल हे डोक्यातच आलं नाही. तेवढा गाढवपणा माझा.

एका एजन्सीतल्या बाईंचा मला फोन आला. पहिलाच प्रश्न, "भट्टी नीट चालतेय ना? काही तक्रार?" मी चाटच पडलो. मग म्हणाल्या, "एकदम नका देऊ. महिन्याला किती झेपेल ते सांगा."

दुसऱ्यांनी मला फोन केलाच नाही. तुला केला. पाचव्या दिवशी त्यांचा माणूस छाती फुगवून आमच्या दुकानात हजर. टेबलावर पैसे ठेवले. "भावाकडून काढले. पहिला हप्ता."

शेठ खूश. "हीच घेऊ. पैसे काढतात बघ कसे!"

मग त्या माणसाने मोबाईलवर तुझं बोलणं लावलं, सगळ्या कामगारांसमोर. तो तुला म्हणत होता, तुमचा भाऊ लोकांना बुडवून पळणारा आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवू का? दादा, खरं सांगतो, मला वाटलं आता तू म्हणणार, त्याचा आमचा काही संबंध नाही, ठेवा फोन. तुझ्या जागी मी असतो तर बहुतेक तेच म्हटलं असतं.

तू म्हणालास, "तो उधळ्या आहे, बुडव्या नाही. किती भरायचे ते बोला. आणि त्याला कामावर फोन करू नका."

मान खाली घालायची वेळ होती, पण माझी मान वरच राहिली. "हा माझा थोरला भाऊ," मी मोठ्याने सांगितलं. मशीन बंद करून मिस्त्रीसुद्धा ऐकत होता.

मग शेठना म्हटलं, "हे पैसे त्याने घराच्या अब्रूपायी दिले. बेकरीवाल्यांच्या घरूनही असेच काढले तर ते एकदा देतील, आणि पुढची भट्टी दुसरीकडून घेतील. बाईंना नेमा."

"बाईंचं कमिशन जास्त आहे."

"असू द्या."

"आणि वसुली झाली नाही तर?"

"तर वर्षभर पगारवाढ मागणार नाही."

"देणार कोण होतं?" म्हणाले, पण हसले. बाईंच्या कागदावर सही केली आणि त्या दुसऱ्या एजन्सीने कापलेलं कमिशन स्वतःच्या खिशातून घालून तुझे पूर्ण पैसे माझ्या हातात दिले.

काल वहिनी फोनवर बोलून गेली की तू स्कूटर विकलीस आणि कामावर पायी जातोस. हेही तू लिहिलं नाहीस. तिला ओरडू नकोस, मीच खोदून विचारलं. तुझे पंधरा आणि माझ्या पगारातले चार एकत्र पाठवतोय. ज्याला विकलीस त्याच्याकडे आजच जा. आणि कुणी विचारलंच तर सांग, धाकटा तिकडे एजन्स्या निवडतो.

तुझा,
धाकटा

सोबत एकोणीस हजार.